पुलाचा पाय: टायबरपासून सावित्रीपर्यंत

मी नेहमीप्रमाणे चिखलीतून बोलतोय, त्यामुळे मागे टेम्पोचा हॉर्न किंवा एखाद्या प्रेसचा धडधड आवाज आला तर सांभाळून घ्या. तुम्ही ऐकत नसून वाचत असाल, तर हा त्याच भागाचा लेखी मजकूर आहे. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

आज बोलायचंय दगडी पुलांवर. दर पावसाळ्यात एक फॉरवर्ड तुमच्याकडेही येत असणार. वर प्रतापगडाच्या पायथ्याच्या शिवकालीन पुलाचा फोटो, खाली एखाद्या पडलेल्या पुलाचा. कधी वरच्या जागी रोमचा दोन हजार वर्षांचा पूल असतो. खाली ओळ ठरलेली: जुनं ते भक्कम, नवं ते पोकळ. आपण अंगठा दाखवतो आणि पुढे पाठवतो.

मला या फॉरवर्डचा राग नाही. त्यात प्रश्न चांगला आहे, उत्तर मात्र घाईचं आहे. एक दगडी पूल शेकडो वर्षं टिकतो आणि दुसरा एका रात्रीत जातो, असं का? हा प्रश्न आपल्याकडे माणसांच्या जिवाशी जोडलेला आहे, म्हणून तो नीट सोडवायला हवा.

सुरुवात महाडपासून करू. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. मुंबई–गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवर एक जुना दगडी कमानींचा पूल होता. इंग्रजांच्या काळातला, १९२८ चा. शेजारी २००१ मध्ये बांधलेला नवा पूलही होता, पण मुंबईकडे जाणारी वाहनं जुन्यावरूनच जायची. वर महाबळेश्वरच्या डोंगरात तुफान पाऊस, खाली सावित्रीला पूर, आणि रात्री साडेअकराच्या सुमारास पुलाचा मोठा भाग वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी बस आणि इतर वाहनं अंधारात थेट नदीत गेली. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या ते लक्षात आलं आणि त्याने पोलिसांना कळवलं, म्हणून मागची वाहतूक थांबली. पुढे कित्येक दिवस नौदल आणि आपत्ती दलाची माणसं नदीत शोध घेत होती. काही मृतदेह पार समुद्रकिनाऱ्यावर मिळाले.

आणि यातली एक गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्याला ती पुढे लागणार आहे. त्याच वर्षी मे महिन्यात या पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीला धोकादायक नाही असा निर्वाळा मिळाला होता, असं सरकारतर्फे सांगण्यात आलं होतं.

म्हणजे पूल दगडी होता, कमानीचा होता, पाहणीही झाली होती. तरी गेला. का, ते कळायला आधी कमान कळायला हवी. आणि कमानीच्या पुलांमधले उस्ताद म्हणजे रोमन लोक. तर आता थोडं रोमला जाऊ.

दगडाचा स्वभाव सोपा आहे. दाबलं तर तो प्रचंड भार सोसतो, पण ताण दिला किंवा वाकवलं तर तडकतो. लांबच लांब दगडी तुळई दोन खांबांवर आडवी ठेवली, तर तिचा खालचा भाग ताणला जातो आणि ती मधोमध मोडते. म्हणून नुसत्या दगडी तुळयांचा मोठा पूल होत नाही. कमान ही अडचण युक्तीने सोडवते. दगड पाचरीसारखे घडवायचे, वर रुंद, खाली निमुळते. ते अर्धगोलात लावले की वरचा भार प्रत्येक दगडाला शेजारच्या दगडावर दाबतो. कुठेही ताण नाही, सगळीकडे दाब. जितकं वजन, तितके दगड एकमेकांना घट्ट. घरी करून बघा: पाच-सहा जाडजूड पुस्तकं दोन तळहातांमध्ये आडवी दाबून उचला. खाली आधार नसताना ती उभी राहतात. पण हात जरा सैल सोडा, सगळी एकदम खाली. ते दोन हात म्हणजे पुलाचे खांब. हे लक्षात असू द्या.

बांधायचं कसं? आधी नदीतला खांब. वाहत्या पाण्यात पाया खणायचा म्हणजे पाणी बाजूला काढायला हवं. रोमन लोक नदीच्या तळात लाकडी खुंटांच्या दोन रांगा ठोकून गोल कोंडाळं करायचे, दोन रांगांच्या मध्ये चिकणमाती ठासून भरायचे आणि आतलं पाणी रहाटांनी उपसून काढायचे. मग कोरड्या जागेत कठीण थर लागेपर्यंत खणायचं. जमीन मऊ निघाली तर जाळून काळी केलेली लाकडं खोल ठोकायची. विट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने दोन हजार वर्षांपूर्वी हे सगळं लिहून ठेवलंय. पायासाठी त्यांच्याकडे एक हुकमी माल होता, ज्वालामुखीची राख मिसळलेला चुना. तो पाण्याखालीही आवळतो, म्हणजे घट्ट होतो. आपल्याकडे गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड मिसळायचे आणि बैलाच्या घाणीवर चुना मळायचे, त्यामागे हेच गणित होतं.

खांब वर आला की लाकडाचं अर्धगोल सेंटरिंग. हो, आजही स्लॅब टाकताना आपण ज्याला सेंटरिंग म्हणतो तेच काम. त्यावर दोन्ही बाजूंनी एकेक दगड चढवत यायचं आणि शेवटी अगदी माथ्यावर कळीचा दगड बसवायचा. तो बसेपर्यंत कमान लुळी असते, सगळा भार लाकडावर. तो बसला की सेंटरिंग काढायचं आणि कमान स्वतःच्या वजनाने उभी राहते.

रोम शहरात टायबर नदीवर असा एक पूल आजही वापरात आहे. नाव पोन्स फॅब्रिशियस. इसवी सन पूर्व ६२ मध्ये लुशियस फॅब्रिशियस नावाच्या रस्ते अधिकाऱ्याने तो बांधून घेतला. लांबी साधारण ६२ मीटर. मोठ्या कमानी दोनच, प्रत्येकी जवळपास २४ मीटरची. म्हणजे नदीत खांब फक्त एक, मधोमध. आणि त्या खांबाच्या वरच्या भागात एक छोटी कमान मोकळी सोडलीय, पूर चढला की पाण्याला जायला जादा वाट. आज त्यावरून लोक चालत जातात, आइस्क्रीम खात फोटो काढतात.

पण मला त्या पुलावर सगळ्यात जास्त आवडतो तो कमानीवर कोरलेला मजकूर. फॅब्रिशियसने त्यात दोन गोष्टी लिहून घेतल्या आहेत. पहिली, हा पूल मी बांधून घेतला. दुसरी, मीच तो तपासून पसंत केला. आपल्या एमआयडीसीच्या भाषेत सांगायचं तर पुलावरच क्यूसीचा शिक्का मारलाय, आणि तोही सही करणाऱ्याच्या नावासकट! चाकणच्या प्लँटमध्ये पार्ट पुढे पाठवताना टॅगवर कुणाची तरी सही असते ना, उद्या काही निघालं तर नाव सापडावं म्हणून? तसंच. फरक एवढाच की हा टॅग दोन हजार वर्षं फाटलेला नाही.

गंमत इथे संपत नाही. त्याच पुलावर आणखी एक ओळ आहे. इसवी सन पूर्व २१ मध्ये लेपिडस आणि लोलियस या दोन कॉन्सलांनी, म्हणजे त्या वर्षीच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी, सिनेटच्या ठरावानुसार पूल तपासून पसंत केला. पूल बांधून चाळीस वर्षं झाली होती. मग पुन्हा तपासणी कशाला? त्याच्या दोनच वर्षं आधी टायबरला मोठा पूर आला होता. पुरानंतरची ही तपासणी असावी, असं अभ्यासक मानतात.

आता कुणी म्हणेल, बघा, रोमन ते रोमन! थांबा. त्याच टायबरवर, याच पुलापासून थोडंसं खालच्या अंगाला, आणखी एक रोमन पूल आहे. खरं तर होता. पोन्स एमिलियस. रोमचा पहिला दगडी पूल. इसवी सन पूर्व १७९ मध्ये त्याचे खांब उभे राहिले आणि १४२ मध्ये वर दगडी कमानी आल्या. हाच पूल पुरांनी पुन्हा पुन्हा तोडला. १५५७ मध्ये पडला, १५७५ मध्ये दुरुस्त झाला, आणि १५९८ च्या पुराने अर्धा नेला. त्यानंतर दगडात तो पुन्हा बांधायचा नाद कुणी केला नाही. आज नदीत त्याची एकच कमान एकटी उभी आहे, आणि रोमचे लोक तिला पोन्ते रोत्तो म्हणतात. अर्थ, मोडका पूल.

म्हणजे नदी तीच, दगड आणि चुना वापरणारे लोक तेच, कमानीची युक्ती तीच. एक उभा, एक मोडका. तेव्हा ‘रोमन होते म्हणून टिकलं’ हे उत्तर इथेच गळून पडतं. खरं उत्तर पाण्याखाली आहे.

नदीत खांब उभा केला की पाण्याची वाट अरुंद होते. तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं म्हणजे वेग वाढतो. खांबाच्या पुढच्या तोंडावर आपटलेलं पाणी खाली वळतं आणि तळाशी भोवरे करतं. हे भोवरे खांबाच्या पायाजवळची वाळू, माती, गोटे उकरून काढतात. पाण्यात किती जोर असतो ते बघायचं असेल तर पारनेर तालुक्यातल्या निघोजला जा. कुकडी नदीने गोटे गरागरा फिरवून चक्क काळ्या बेसॉल्टमध्ये रांजण कोरलेत. जे पाणी बेसॉल्टला भोक पाडतं, त्याला वाळू उकरायला किती वेळ लागणार?

इथे रोमन पुलाची एक खोच आहे. त्यांचे खांब फार जाड असायचे, ढोबळमानाने कमानीच्या रुंदीच्या एक तृतीयांश. त्यामुळे एक कमान पडली तरी शेजारची स्वतःच्या बळावर उभी राहू शकायची. वरून पाहिलं तर हे सामर्थ्य. पण जाड खांब म्हणजे नदीची वाट आणखी अरुंद, वेग आणखी जास्त, आणि पायाची धूप आणखी खोल. वर जी ताकद, तीच खाली धोका. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पेरोने नावाच्या इंजिनिअरने खांब बारीक केले. पाण्याला वाट मिळाली, पण मग शेजारच्या दोन कमानी एकमेकींना रेटून तोल सांभाळू लागल्या. मघाची पुस्तकं आठवा. एक खांब निसटला की शेजारची कमान आधाराविना, मग तिच्या पलीकडची. म्हणून दगडी कमानींचा पूल कुरकुरत, वाकत, इशारे देत पडेलच असं नाही. तो अनेकदा एकदम जातो.

आता आपल्या फॉरवर्डमधल्या पहिल्या फोटोकडे येऊ. प्रतापगडाच्या पायथ्याला पार गाव आहे. तिथे कोयना नदीवर शिवकालीन मानला जाणारा दगडी कमानींचा पूल आजही उभा आहे. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली प्रतापगड बांधून झाला, आणि कोकणात उतरणाऱ्या पार घाटाच्या वाटेवर नजर ठेवायला हा गड होता. घोडे, बैल, सैन्य आणि व्यापारी यांना पावसाळ्यातही नदी ओलांडता यायला हवी, एवढी साधी आणि मोठी गरज त्या पुलामागे आहे. तो बघायला जरूर जा. त्या गवंड्यांचा अभिमान वाटलाच पाहिजे.

पण आता नकाशा उघडा. महाबळेश्वरचा डोंगर शोधा. याच डोंगरातून कोयना निघते आणि याच डोंगरातून सावित्रीही निघते. एकाच माहेरच्या दोघी. मात्र पारला कोयना अजून लहान आहे, उगमापासून फार दूर गेलेली नाही, डोंगरातल्या दगडधोंड्यांतून वाहतेय. सावित्री महाडला पोहोचते तेव्हा तिने सह्याद्रीचा कडा उतरलेला असतो, वाटेतले ओढे-नद्या पोटात घेतलेल्या असतात, आणि पुढे समुद्राची खाडी असते. पात्र रुंद, तळाशी वाळू-गाळ. दोन्ही पुलांना परीक्षा सारखीच नव्हती. एकाला घटक चाचणी, दुसऱ्याला बोर्डाचा पेपर, आणि आपण गुण शेजारी-शेजारी लावून मोकळे.

म्हणजे इंग्रजांचा पूल निर्दोष होता का? तसं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की ‘कुणी बांधला’ हा प्रश्न आपल्याला बरा वाटतो, कारण त्याचं उत्तर देऊन आपण सुटतो. अवघड प्रश्न वेगळा आहे: बांधल्यानंतर त्या पुलाचा पाय कोण बघत होतं? नदी तीच राहत नाही. वरचं जंगल तुटतं, पात्रात भराव पडतात, वाळू उपसली जाते. महाडच्या घटनेनंतर वाळूउपशाकडेही बोट दाखवलं गेलं होतं. १९२८ मध्ये ज्या नदीसाठी पूल बांधला, ती नदी २०१६ मध्ये तशीच नसते. बैलगाड्या आणि तुरळक मोटारींच्या जमान्यातला पूल महामार्गाच्या ट्रकांखाली येतो, तेही वेगळंच.

आणि आता मे महिन्यातल्या पाहणीकडे येऊ. पुराच्या धुपीचा एक फार फसवा गुण आहे. पूर जोरात असताना खांबाच्या पायाशी खड्डा पडतो. पूर ओसरायला लागला की पाण्याचा वेग कमी होतो आणि वरून वाहत आलेला गाळ, वाळू त्याच खड्ड्यात बसते. खड्डा भरून जातो. उन्हाळ्यात तुम्ही काठावर उभं राहून बघाल तर तळ सपाट, खांब सरळ, सगळं ठीक! पण ती भरलेली वाळू सैल असते, पुढच्या पुरात सगळ्यात आधी तीच निघून जाते. म्हणून पुलाची तब्येत उन्हाळ्यात नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी पाण्याखाली पाणबुडे उतरवावे लागतात, ध्वनिलहरींनी तळाची खोली मोजावी लागते, पूर चालू असताना आणि पूर गेल्या गेल्या नोंदी घ्याव्या लागतात, आणि त्या दरवर्षी एकमेकींशी ताडून बघाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे. त्याचं उद्घाटन होत नाही, त्याची रील होत नाही.

उलट नवा पूल झाला की लगेच दिसतो. महाडला सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला सुरू झाला. कौतुकाची गोष्ट आहे, मनापासून. पण एवढ्या वेगाने आपण बांधू शकतो, तर तेवढ्याच नेमाने तपासू का शकत नाही?

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्या इंद्रायणीवर या. लोणावळ्याकडून निघालेली इंद्रायणी कुंडमळा, देहू करत आपल्या चिखली-मोशीकडे येते आणि आळंदीला जाते. १५ जून २०२५, रविवार. कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासच्या आसपास लोक जखमी झाले. तो दगडी नव्हता, कमानीचाही नव्हता. तरी मी त्याला याच गोष्टीत धरतो, कारण तिथे पूल धोकादायक असल्याचा फलक लावलेला होता. म्हणजे पूल कमकुवत आहे हे माहीत होतं. महाडला पाहणीने ठीक म्हटलं आणि पूल गेला. कुंडमळ्याला धोका माहीत होता, पण फलकाच्या पलीकडे लोकांना कुणी थांबवलं नाही, आणि लोक स्वतःही थांबले नाहीत. तपासणी म्हणजे दोन भाग झाले: खरं काय ते शोधणं, आणि जे कळलं त्याप्रमाणे वागणं. एक भाग सुटला तरी दुसरा वाया जातो.

मी हे कुणा एका खात्याला धुवून काढायला सांगत नाही. आपल्यातले कितीतरी जण शिफ्टला लाइनवर उभे असतात. आपल्याला माहीत आहे की गेजला पार्ट लावून बघितला नाही आणि नुसतीच सही ठोकली, तर काय होतं. ब्रेकचा पार्ट असेल तर कुणाच्या तरी घरी फोन जातो. पुलाचंही तसंच आहे. सहीमागे बघणं असलं पाहिजे, आणि बघितल्यावर ‘बंद करा’ म्हणायची धमक.

पुढच्या वेळी भोसरी-नाशिक फाट्यावरून पुण्याला जाताना दापोडीला मुळेवरचा जुना हॅरिस पूल लागेल. १८९० ते १८९५ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड हॅरिसचं नाव त्याला आहे. शेजारी नवे पूल झालेत, त्यामुळे तो पटकन लक्षात येत नाही. सिग्नलला अडकलात की शेजारच्या पुलाकडून त्याच्या दगडी कमानींकडे बघा. कमानीच्या माथ्याचा कळीचा दगड शोधा. आणि मग नजर खाली न्या, खांब पाण्यात शिरतो तिथे. तिथे जलपर्णी, प्लास्टिक, ओंडके अडकलेले दिसतील. अडकलेला कचरा म्हणजे खांब आणखी जाड झाल्यासारखंच, पाण्याची वाट आणखी अरुंद. आता तुम्हाला त्याचा अर्थ कळतो.

पावसाळ्यात तीन गोष्टी मात्र पाळा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका, खाली रस्ता उरलाय की नाही ते वरून दिसत नाही. धोक्याचा फलक असलेल्या पुलावर सेल्फीसाठी गर्दी करू नका. आणि खांबाशी नवी भेग, कठड्याचा वाकडेपणा किंवा रस्त्यात अचानक खळगा दिसला, तर फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पालिकेला किंवा पोलिसांना कळवा. महाडला त्या रात्री गॅरेजमधल्या माणसाने कळवलं नसतं, तर मागून येणारी आणखी किती वाहनं गेली असती, याचा विचार करा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावाजवळ जुना दगडी पूल असेल तर त्याचं नाव, नदी आणि एक फोटो पाठवा. कमानीचा पाठवाच, पण खांबाच्या पायाचाही पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, मंडळी.